पाय उचलू नका, पळत राहा

मागच्या अंकात एका वाचक मैत्रिणीला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं, की समुद्रकिनारी फिरायला जाताय आणि तिथे टँडम पॅराग्लायडिंग, म्हणजे पायलटसोबत एकाच कापडी पंखाखाली दोघांनी उडायचं, असेल तर एकदा तरी करून बघा. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीयेत की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, मला उंचीची भीती वाटते, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं तरी तळपायाला मुंग्या येतात. पुढच्या महिन्यात ट्रिप आहे आणि नवऱ्याने न विचारता दोघांचं टँडम बुक करून टाकलंय, कड्यावरून उडायचं आणि खाली डायरेक्ट समुद्र. तो म्हणतो काही होत नाही. मला खरंच रडू येतंय. करू की नको?

आधी एक सांगते, न विचारता बुक केलंय म्हणून जावंच लागेल असं अजिबात नाही. अगदी हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचं पट्ट्यांचं आसन, घालून टेकऑफला उभ्या राहिलात आणि तिथे वाटलं नको, तरी "नको" म्हणता येतं आणि चांगला पायलट एका शब्दाने विचारत नाही का म्हणून.

पण तुमचं पत्र वाचून वाटलं की तुम्हाला जायची इच्छा आहे, फक्त कोणीतरी नीट समजावून सांगायला हवंय. म्हणून सांगते. बाल्कनीतून खाली बघताना जी चक्कर येते ना, त्यात आपण एका कठड्याला धरून उभे असतो, पायाखाली भिंत सरळ खाली जाताना दिसते आणि डोळा ती उंची मोजत बसतो. हवेत गेल्यावर ती भिंतच नसते. खाली बघितलं तर जमीन नकाशासारखी दिसते. मलाही गच्चीच्या कडेला उभं राहवत नाही, तरी वर गेल्यावर तसं काही झालं नाही आणि हे बऱ्याच जणांकडून ऐकलंय. प्रत्येकाचं असंच होईल याची गॅरंटी मी देणार नाही, पण तिसऱ्या मजल्यावरून अंदाज बांधू नका एवढंच.

भीतीचा खरा क्षण टेकऑफचा, आणि तो नेमका कसा असतो हे आधी माहीत असेल तर अर्धी भीती तिथेच उतरते. तुम्ही पुढे, पायलट तुमच्या मागे चिकटून. दोघांचे हार्नेस दोन्ही बाजूंना एकेका पट्टीला अडकवलेले असतात, त्याला स्प्रेडर म्हणतात, आणि त्या पट्ट्यांना विंगच्या, म्हणजे त्या मोठ्या कापडी पंखाच्या, दोऱ्या. विंग मागे गवतावर पसरलेली असते, टँडमची साधारण चाळीस चौरस मीटरची, म्हणजे एकट्याने उडायच्या विंगच्या जवळजवळ दीडपट. पायलट ती वर खेचतो आणि तुम्हाला एकदम मागे ओढल्यासारखं होतं, कोणीतरी दोन्ही खांद्यांना धरून थांबवतंय असं. मग ती डोक्यावर येते, ओढ कमी होते आणि तो म्हणतो पळा. इथे पळायचं. कडा संपेपर्यंत पळायचं, पाय हवेत गेले तरी दोन पावलं हवेत टाकायची.

हे इतकं ठासून सांगतेय कारण माझ्या पहिल्या वेळी मी नेमकं उलटं केलं. जमीन सुटल्यासारखी वाटली आणि मी पाय वर घेऊन बसले, जशी खुर्चीत बसतात तशी. आम्ही अजून सुटलोच नव्हतो. माझं सगळं वजन एकदम खाली आलं, पायलट माझ्यावर अडखळला, दोघं गवतावरून तीन-चार हात घसरत गेलो आणि विंग बाजूला कोसळली. माझा गुडघा सोलला, त्याचा हात. कड्याच्या अलीकडे होतो म्हणून तेवढ्यावर निभावलं. तो पायलट उठला, माझे पट्टे परत चेक केले आणि शांतपणे म्हणाला, की बसायचं कधी ते मी सांगेन, तोपर्यंत तू फक्त पळ. दुसऱ्यांदा पळाले आणि कधी उडालो ते कळलंच नाही, खाली बघते तर पाय अजून चालूच होते आणि गवत संपून खाली फेस आलेल्या लाटा होत्या.

तेव्हा तुमचं काम एवढंच, बाकी सगळं त्याचं. नवऱ्याला सांगा आधी तू जा, मी खालून बघते, मग ठरवते. दोघांचे पायलट तसेही वेगळेच असणार.

प्रश्न: मी बीचवर एकदा केलंय हे, बोटीला दोरी बांधून वर नेतात ते. त्यात फार मजा नाही आली. परत पैसे घालवू का?

ते पॅरासेलिंग, त्यात बोट ओढते म्हणून तुम्ही वर असता आणि बोट नेईल तिकडे जाता. पॅराग्लायडिंगमध्ये दोरी नाही, इंजिन नाही, विंग स्वतःच्या आकारामुळे उडते आणि पायलट ब्रेक ओढून वळवतो. दोन्हीचा अनुभव अगदी वेगळा, बोटीवरून मत बनवू नका.

प्रश्न: आमचा फार मनस्ताप झाला. खास त्यासाठी एका किनाऱ्यावर तीन दिवस राहिलो. पहिल्या दिवशी पायलट म्हणाला वारा नाही, दुसऱ्या दिवशी म्हणाला वारा जास्त आहे, तिसऱ्या दिवशी चार तास बसवून ठेवलं आणि नाही म्हणाला. आकाश निळंभोर, ऊन पडलेलं. वर डोळ्यांसमोर दुसऱ्या कंपनीचे दोन जण उडत होते. पैसे परत दिले, पण ट्रिप वाया गेली. ही काय पद्धत झाली?

तुमचा राग समजतो, सुट्टी मोजकी असते आणि आपण तेच डोक्यात ठेवून गेलेलो असतो. पण मी त्या पायलटच्या बाजूने आहे आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण हा सगळा प्रकार ज्याच्यावर चालतो ती गोष्ट आपल्याला दिसतच नाही.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो आठवतंय? दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि जागा भरायला समुद्रावरून हवा आत येते. ते खारे वारे. किनाऱ्यावरच्या कड्यांवरून उडणं बहुतेक त्याच्याच भरवशावर असतं. समुद्रावरून येणारा वारा कड्याला धडकतो, पुढे जायला वाट नाही म्हणून वर चढतो, आणि त्या वर चढणाऱ्या पट्ट्यात विंग येरझाऱ्या घालत राहते. विंग हवेच्या तुलनेत कायम खालीच येत असते, सेकंदाला साधारण एक-सव्वा मीटर. हवा त्यापेक्षा जोरात वर चढत असेल तर तुम्ही वर राहणार, नाहीतर दोन-तीन मिनिटांत खाली वाळूवर. तुमचा पहिला दिवस असा गेला, वारा नव्हता.

आता दुसरा दिवस. टँडम विंगचा हवेतला वेग ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास असतो, थोडा कमी-जास्त करता येतो पण फार नाही. समोरून वारा ताशी २५चा असेल तर जमिनीच्या हिशोबाने तुम्ही १३ने पुढे सरकता, छान निवांत. वारा ३८ झाला की जागच्या जागी उभे. आणि त्याच्या वर गेला की तोंड समुद्राकडे असूनही तुम्ही मागे मागे जाणार, कड्याच्या मागच्या बाजूला. तिथे हवा कड्यावरून उलटून घुसळत असते, त्याला रोटर म्हणतात, जशी नदीत मोठ्या दगडाच्या मागे पाण्याची भोवऱ्यासारखी घुसळण असते तशी. त्यात विंग मिटू शकते. कड्याच्या अगदी टोकावर तर वारा दाबला जाऊन आणखी जोरात वाहतो, म्हणजे खाली बीचवर तुम्हाला मस्त झुळूक वाटत असते तेव्हा वर वेगळंच चाललेलं असतं. निळ्या आकाशाचा याच्याशी काही संबंध नाही, उलट ऊन कडक असेल तर जमीन जास्त तापते आणि दुपारी वारा आणखी वाढतो.

तिसऱ्या दिवशी चार तास बसवलं त्याचं कारण मला वाटतं हेच, की दुपार सरून वारा उतरेल अशी त्याला आशा होती. मीही असं एकदा बसलेय, तीन तास. पायलट आमच्याशी गप्पा मारत होता पण डोळे समुद्रावर. लांब पाण्यावर लाटांचे पांढरे शेंडे दिसायला लागले, आधी एखाद-दुसरा, मग बरेच. वारा मोजायचं बोफोर्ट माप आहे त्यात चार नंबरचा वारा म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, आणि त्यातच हे शेंडे जागोजागी दिसायला लागतात. त्याने ते बघितले, मग दर दोन मिनिटांनी मीटर हातात धरून उभा राहिला आणि आकडा मोठ्याने म्हणत गेला, बावीस, एकोणीस, एकतीस, बावीस. मला वाटलं बावीस तर चालतंय की. तो म्हणाला बावीसची अडचण नाही, मधला एकतीस नको आहे. झोत येणारा वारा एकसारख्या जोरदार वाऱ्यापेक्षा वाईट. आणि त्याने विंग घडी करून पिशवीत भरली.

दुसऱ्या कंपनीचे उडत होते याचं म्हणाल तर त्यांच्यासोबत कदाचित वजनदार प्रवासी असेल, जड विंग वाऱ्यात जरा जास्त वेगाने पुढे जाते. कदाचित ते आधी उडालेले असतील आणि खाली यायला बघत असतील. किंवा सरळ सरळ चुकीचा निर्णय घेतलेला असेल. खालून बघून आपल्याला यातलं काहीच कळत नाही. तीन वेळा "नाही" म्हणून पैसे परत देणाऱ्या माणसाने स्वतःचे तीन दिवसांचे पैसे सोडलेत हो, हे लक्षात घ्या. मी परत त्या किनाऱ्यावर गेले तर त्यालाच शोधीन.

पुढच्या वेळी एक करा, उड्डाण ट्रिपच्या पहिल्या दिवशी ठेवा, शेवटच्या नाही. म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते. आणि रद्द झालं तर पैसे पूर्ण परत का, हे बुक करतानाच लेखी विचारा.

प्रश्न: माझं वजन ९८ किलो आहे. विचारायलाही लाज वाटते. घेतात का?

लाज कसली, हा तिथला सगळ्यात साधा प्रश्न आहे आणि बुकिंगलाच विचारतात. टँडम विंगला वजनाची हद्द ठरलेली असते, बऱ्याच विंगना एकूण २०० ते २२० किलोपर्यंत. एकूण म्हणजे तुम्ही, पायलट, विंग, हार्नेस सगळं धरून. तुम्ही ९८, पायलट ७५, सामान २५ धरलं तर १९८ होतात, म्हणजे बसतंय. कंपनीची स्वतःची हद्द याच्या खाली असू शकते, तेव्हा खरं वजन सांगा, पाच किलो कमी करून सांगू नका, त्यावरून ते पायलट आणि विंग ठरवतात. वारा अगदीच मंद असेल तर तुम्हाला थांबवून हलक्या माणसाला आधी नेतील, त्यात वाईट वाटून घेऊ नका. आणि हे उलटंही असतं बरं का, खूप हलक्या मुलांना जोराच्या वाऱ्यात नेत नाहीत, कारण वजन कमी पडलं की विंग हवेत जास्त हलते.

प्रश्न: वय ६८. आमच्या तरुणपणी हे प्रकार ऐकलेही नव्हते. मुलगी म्हणते बाबा चला. बीपीची एक गोळी आहे, डावा गुडघा थोडा कुरकुरतो, रोज चार किलोमीटर चालतो. या वयात शोभतं का?

काका, शोभायचा प्रश्नच नाही. तुमच्या तरुणपणी हे नुकतंच सुरू होत होतं, १९७८च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या मियुसी गावात तीन पॅराशूटवाल्यांनी विमानातून उडी मारायच्या ऐवजी डोंगराच्या उतारावरून पळत उडून बघितलं आणि तिथून हा खेळ रुजला. तेव्हा तुम्ही वीस-बावीसचे असाल. म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत वाढलेली गोष्ट आहे ही.

बीपीचं डॉक्टरांना विचारा, मी त्यावर बोलणार नाही. गुडघ्याचं मात्र सांगते. उडताना गुडघ्याला काही त्रास नाही, आरामखुर्चीत बसल्यासारखं असतं. प्रश्न फक्त पळण्याचा आणि उतरण्याचा. त्यासाठी जागा निवडा. समुद्राच्या कड्यावर एकसारखा बऱ्यापैकी वारा असेल तर विंग वर आली की दोन-चार पावलांतच माणूस उचलला जातो, कधी तर एका पावलात. उंच डोंगरावरून जिथे वारा मंद असतो तिथे दहा-पंधरा पावलं उतारावर जोरात पळावं लागतं, तुम्ही ते टाळा. उतरताना पायलटला आधीच सांगा की गुडघा दुखरा आहे, तो पाय पुढे वर धरायला सांगेल आणि वाळूवर सीटवर उतरवेल, हार्नेसखाली जाड गादी किंवा हवेची उशी असतेच. घरून निघण्याआधी उतारावर पंधरा पावलं भराभर पळून बघा. जमलं तर जा.

मुलीला सांगा, उडण्याआधी बाबांच्या मांड्यांचे दोन्ही पट्टे तू स्वतः बघ. पायलट बघतोच, तरी तुम्हीही हात लावून बघा. ते पट्टे राहिले तर माणूस सीटमध्ये न बसता काखेत लटकतो, आणि ही गोष्ट फोटो काढायच्या गडबडीत राहू शकते. मी तर दरवेळी मोठ्याने मोजते, डावी मांडी, उजवी मांडी, छाती, हेल्मेट.

प्रश्न: हाय ताई, आम्ही चार मित्र. प्लॅन असा की सकाळी स्कूबा आणि दुपारी पॅराग्लायडिंग, एकाच दिवसात दोन्ही कव्हर. आणि पायलटला सांगून गोल गोल फिरवायला लावायचं. मोबाइलने शूट करू का?

बरं झालं विचारलंस, कारण तुझ्या प्लॅनमध्ये एक मोठी चूक आहे. स्कूबा करताना दाबाखाली श्वास घेतल्यामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात उंचावर गेलास तर दाब कमी होऊन त्याचे रक्तात बुडबुडे होऊ शकतात, सांधे दुखण्यापासून पॅरालिसिसपर्यंत काहीही होऊ शकतं. डायव्हिंगवाल्यांचा नियम आहे, साधा एकच डाइव्ह असेल तर नंतर किमान १२ तास विमान नाही, जास्त डाइव्ह असतील किंवा रोज करत असशील तर १८ तास. हा नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरतात, म्हणजे शंभर मीटरच्या कड्यावरून उडणं आणि तुर्कस्तानात ओल्युदेनिझला बाबादाग डोंगरावरून १,९०० मीटरवरून उडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुठे जाणार ते तू लिहिलं नाहीस. माझं ऐक, क्रमच उलटा कर, आधी हवा, दुसऱ्या दिवशी पाणी. मग तासांचा हिशोबच नको.

गोल गोल म्हणजे स्पायरल. त्यात स्वतःच्या वजनाच्या तिप्पट दाब जाणवू शकतो, डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते आणि ज्यांना उलटी होते त्यांना बहुतेक तिथेच होते. पहिल्याच वेळी नको. पायलटने स्वतःहून विचारलं तरी नको म्हण, शांतपणे उडण्यात जे बघायला मिळतं ते गरगरण्यात दिसतही नाही. वरून पाण्याचे रंग बघ, किनाऱ्याजवळ हिरवट, मग एक रेघ ओढल्यासारखा गडद निळा, आणि लाट फुटायच्या आधी तिची पाठ कशी वळते ते. आवाज येत नाही लाटांचा वरती, फक्त दोऱ्यांमधून वारा शिटी घालतो आणि पायलटकडचं व्हॅरिओ यंत्र वर चढताना टिटिटि करतं. मळमळलं तर खाली नको, क्षितिजाकडे बघत राहा आणि पायलटला लगेच सांग, तो खाली आणेल.

मोबाइल खिशात, चेनवाल्या. हातातून सुटला तर तुझा मोबाइल जाईल ते सोड, खाली बीचवर माणसं असतात. पायलटकडे काठीला लावलेला कॅमेरा असतो, बांधलेला, तेवढा पुरतो.

प्रश्न: परक्या देशात पायलट खरा की खोटा कसं ओळखायचं? भाषाही येत नाही.

टँडमचं वेगळं लायसन्स असतं, साधं उडता येणं पुरत नाही, ते बघायला मागा. बऱ्याच देशांचे पायलट आयपीपीआय नावाचं आंतरराष्ट्रीय कार्डही ठेवतात, त्यावर लेव्हल लिहिलेली असते. कागद दाखवायला कुरकुर करणारा नको. मग सामान, दोघांना हेल्मेट हवंच, आणि रिझर्व्ह पॅराशूट कुठे आहे ते विचारा, तो बोट ठेवून दाखवेल. सगळं उड्डाण पाण्यावरून असेल तर लाइफ जॅकेट आहे का बघा. हार्नेसखालचा फोम पाण्यात तरंगतो आणि माणूस पालथा होऊ शकतो, वर दोऱ्यांचा गुंता, म्हणून पाण्यात पडणं दिसतं तितकं सोपं नसतं. अरुंद बीच असेल तर भरती किती वाजता आहे तेही विचारा, उतरायची वाळूच पाण्याखाली गेलेली असते कधी कधी.

भाषेचं म्हणाल तर तीन शब्द पुरतात, पळ, थांब आणि पाय वर. ते त्याच्या भाषेत त्याच्याकडून शिका, दोनदा म्हणून दाखवा आणि त्याच्यासमोर जमिनीवर करून बघा. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये पॅराग्लायडिंग धरलंय का ते निघायच्या आधी वाचा, पुष्कळ पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

प्रश्न: कुठे करावं ते एक नाव सांगा ना. गर्दी नको, थोडक्यात हवंय.

एक नाव नाही सांगत, दोन प्रकार सांगते. लांब आणि उंच हवं असेल तर वर लिहिलेलं ओल्युदेनिझ, वरून निळं खाडीसारखं पाणी दिसतं, साधारण अर्धा तास हवेत राहता, पण तिथे गर्दी भरपूर आणि वरती थंडी. दर हजार मीटरला साडेसहा अंशांच्या आसपास तापमान उतरतं, तेव्हा खाली बीचवर घाम आला तरी जॅकेट न्याच. थोडक्यात हवं असेल तर कड्यावरचं, पेरूमध्ये लिमा शहराच्या मिराफ्लोरेस भागात किंवा कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ टॉरी पाइन्सला. लिमात एका बाजूला उंच इमारती आणि दुसऱ्या बाजूला पॅसिफिक, दहाएक मिनिटांत जिथून उडालात तिथेच परत उतरता. तुम्हाला मी दुसरा प्रकार सांगेन.

प्रश्न: चष्मा घालून चालतं का? आणि गरोदर असताना?

चष्मा चालतो, मागून दोरी बांधा. गरोदरपणात अजिबात नाही, कितवाही महिना असो, आणि कोणी "काही होत नाही" म्हणाला तर त्याच्याकडे नंतरही जाऊ नका.